सायनस : नाकातला, हृदयातला आणि गणितातला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शरीररचनेचे वर्ग घेताना 'सायनस' या एका शब्दावर जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कशावर येत नाहीत. नर्सिंग आणि बीएएमएसच्या मुलांचे वेगळे, रिपोर्ट हातात घेऊन आलेल्यांचे वेगळे, आणि दहावीच्या गणितवाल्यांचे तर भलतेच. खानदेशात चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. भर शब्दावर आहे, उपचारांवर नाही. औषध काय घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

"माले सायनस शे" असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. सायनस हा आजार आहे का?

नाही. सायनस तुम्हालाही आहेत आणि तुमच्या शेजाऱ्यालाही. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेनं भरलेल्या ज्या पोकळ्या असतात त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की जो आजार होतो तो सायनसायटिस. बोलताना शेपूट गळालं आणि जागेचं नाव आजाराला चिकटलं. 'मला बीपी आहे', 'मला शुगर आहे' म्हणतो तसंच. बोलण्यात हे चालतं, पण एक्स-रेच्या कागदावर 'सायनस' हा शब्द दिसला एवढ्यानं घाबरून जायचं कारण नाही. तिथं तो फक्त जागा सांगतो.

आणखी एक. वाकलं की कपाळ ठणकतं, डोकं जड होतं, म्हणजे सायनसच, असं घरच्या घरी ठरवून टाकणारे आपल्याकडे पुष्कळ. तपासल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना मायग्रेन असल्याचं निघतं.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काय?

लॅटिनमध्ये उच्चार साधारण 'सिनुस'. अर्थ बाक, वळण, घडी. कापड सैल सोडलं की त्याला जो झोळ पडतो, तो सिनुस.

रोमन पुरुष टोगा नावाचं लांबलचक वस्त्र अंगाभोवती गुंडाळत. छातीवरून जाणारा त्याचा पट्टा थोडा सैल ठेवला की तिथं एक खोलगट घडी तयार होई. टोग्याला शिवलेला खिसा नव्हता, त्यामुळे थैली, पत्र, लहानसहान वस्तू या घडीतच राहत. घडीचं नाव सिनुस. पुढं घडी जिथं असते ती छातीही सिनुस, आणि मूल जिथं कवेत घ्यायचं ती कूसही सिनुस.

या घडीचा इतिहासातला सगळ्यात गाजलेला वापर रोमन इतिहासकार लिव्हीनं लिहून ठेवला आहे. इसवी सनपूर्व २१८ मध्ये रोमचं शिष्टमंडळ उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सभेत गेलं. बोलणी लांबत चालली. तेव्हा फाबियस नावाच्या दूतानं टोग्याचा सिनुस हातात धरला आणि म्हणाला, यात आम्ही युद्धही आणलंय आणि शांतताही, हवं ते घ्या. समोरचे म्हणाले, तुम्हीच द्या काय द्यायचं ते. त्यानं घडी झटकून मोकळी केली आणि युद्ध दिलं असं जाहीर केलं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल ज्यात आल्प्स ओलांडून इटलीत उतरला ते हेच युद्ध.

मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायला मी 'ओटी' वापरतो. ओटी म्हणजे पदराचा खोळ, ज्यात खण-नारळ पडतो. ओटी म्हणजे मांडी-कूसही, म्हणून 'मूल ओटीत घातलं'. आणि ओटीपोट हा तर सरळ शरीराचा भाग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरताना ती पदर पुढं धरते, त्या कापडाचा तो खोलगा डोळ्यासमोर आणा. रोमन माणूस त्याला बिनदिक्कत सिनुस म्हणाला असता.

तिसरा अर्थ समुद्राचा. किनारा आत वळतो आणि पाणी जमिनीच्या कुशीत शिरतं, ते आखातही सिनुस. जुन्या लॅटिन नकाशांवर बंगालच्या उपसागराचं नाव 'सिनुस गांगेतिकुस', म्हणजे गंगेचं आखात, असं आढळतं. आपली तापी ज्या खंबातच्या आखाताकडे जाते त्यालाही लॅटिनमध्ये हाच शब्द लागला असता.

हा शब्द ग्रीकमधून आला का? वैद्यकातले बहुतेक शब्द ग्रीकच असतात ना?

हा ग्रीक नाही. लॅटिनच्या मागं त्याचं मूळ कुठं जातं यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही. मात्र ग्रीकमध्ये याचा जुळा भाऊ आहे, 'कोल्पोस'. वस्त्राची घडी, छाती-कूस आणि आखात, तिन्ही अर्थ त्यालाही आहेत. इंग्रजीतला 'गल्फ' त्याच कोल्पोसवरून इटालियनमार्गे आला, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ करतात ती 'कोल्पोस्कोपी'ही त्याच्यावरूनच. म्हणजे दुबईला गेलेला भाऊ ज्या 'गल्फ'मध्ये आहे आणि दवाखान्यात बहिणीला जी तपासणी सांगितली आहे, दोन्ही एकाच शब्दाची लेकरं.

शरीरात एकूण किती सायनस आहेत?

मोजायला बसू नका, कारण हे एका प्रकारच्या अवयवाचं नाव नाही. जिथं जिथं जुन्या शरीररचनाकारांना खोलगा, फुगवटा, कप्पा किंवा वळणाची वाट दिसली तिथं तिथं त्यांनी हा शब्द ठेवून दिला.

नाकाभोवती चार जोड्या आहेत. गालामागच्या, वरच्या जबड्याच्या हाडातल्या मॅक्झिलरी, कपाळातल्या फ्रंटल, दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड आणि खूप आत, कवटीच्या तळाशी, स्फिनॉइड. या चारांना मिळून 'पॅरानेझल सायनस' म्हणतात. रिपोर्टवर 'पीएनएस' लिहिलेलं असतं ते हेच. मेंदूच्या जाड आवरणाच्या दोन थरांमधून अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाटाही सायनस. हृदयाच्या स्नायूतलं वापरलेलं रक्त उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात) आणून सोडणारा कोरोनरी सायनस. महाधमनीच्या सुरुवातीला झडपेच्या पाकळ्यांमागं तीन फुगवटे असतात, ते इटलीच्या अंतोनियो मारिया व्हाल्साल्व्हा यांच्या नावानं ओळखले जातात. मानेत, जबड्याच्या कोनाखाली, कॅरोटिड सायनस. तिथं रक्तदाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात, म्हणूनच मानेच्या दोन्ही बाजू जोरात दाबायचा खेळ मुलांना करू देऊ नये. मूत्रपिंडाच्या खोबणीत एक, घोट्याच्या हाडांमध्ये एक, हृदयाच्या पिशवीत दोन. यादी आणखी लांबते, पण परीक्षेपुरतं एवढं बास.

यातल्या काहींत हवा आहे, काहींत रक्त, काहींत चरबी. 'सायनस म्हणजे हवेची पोकळी' ही व्याख्या पाठ करून आलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत इथंच आपटतो.

ईसीजीवर 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम' लिहून आलंय. नाकाचा सायनस हृदयापर्यंत गेला का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण विचारणारा खरंच घाबरलेला असतो. आधी उत्तर : हे चांगलं लिहिलेलं आहे. हृदयाचा ठोका जिथून सुरू व्हायला हवा तिथूनच होतोय, एवढाच त्याचा अर्थ. नाकाशी काही संबंध नाही.

आता शब्द तिथं कसा पोचला ते. माशाच्या हृदयात शिरांचं रक्त आधी एका पातळ पिशवीत जमतं आणि मग पुढच्या कप्प्यात जातं. या पिशवीला 'सायनस व्हेनोसस' म्हणतात, शिरांचा खोळ म्हणा. माणसाच्या गर्भातही सुरुवातीला ही पिशवी दिसते. गर्भ वाढतो तशी ती उजव्या कर्णिकेच्या भिंतीत मिसळून जाते, तिचा एक भाग कोरोनरी सायनस म्हणून उरतो. मोठ्या माणसाच्या हृदयात पिशवी म्हणून ती राहत नाही.

१९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी नेमक्या त्या सांध्यावर, म्हणजे जुनी पिशवी आणि कर्णिका जिथं जुळतात तिथं, वेगळ्या दिसणाऱ्या पेशींची एक बारीक गाठ वर्णन केली. ठोक्याची ठिणगी इथून पडते हे पुढं पक्कं झालं. गाठीला नाव मिळालं 'सायनो-एट्रियल नोड', बोलताना एसए नोड. तिच्या चालीनं चालणारं हृदय म्हणजे सायनस ऱ्हिदम. पिशवी गेली, नाव राहिलं.

त्याच कागदावर 'सायनस टॅकीकार्डिया' असेल तर ठोके मिनिटाला शंभराच्या वर आहेत, 'ब्रॅडीकार्डिया' असेल तर साठाच्या खाली. ताप, भीती, रक्त कमी असणं, खेळाडूचं कमावलेलं शरीर अशी कारणं बरीच असतात. तरुण मुलांत श्वासागणिक ठोका किंचित मागंपुढं होतो, त्याला 'सायनस अऱ्हिदमिया' म्हणतात. नाव भयंकर वाटतं, पण त्या वयात ते सहसा निरोगीपणाचंच असतं.

बाळंतपणानंतर नातेवाइकाच्या मेंदूत 'सायनस थ्रॉम्बोसिस' सांगितलं. वाफ दिली तर चालेल का?

नाही. इथं शब्दाच्या घोळानं जीव जाऊ शकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. हा नाकाचा सायनस नाही. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाटेत गुठळी झाली आहे. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यात अंगातलं पाणी कमी पडलं तर धोका आणखी वाढतो. बाळंतिणीला पाणी कमी पाजायची रीत काही घरांत अजून आहे, ती सोडलेलीच बरी. बाळंतिणीचं डोकं असह्य दुखतंय, दिसायला अंधुक होतंय, झटका आला किंवा हातपाय लुळा पडला, तर थेट मोठा दवाखाना गाठायचा. विक्स, वाफ, नस्य यांत वेळ घालवायचा नाही.

शब्दाच्या दृष्टीनं पाहिलं तर हा वापर जुना आहे. १५४३ साली आंद्रेयास वेसालियसनं शरीररचनेवरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात मेंदूच्या आवरणातल्या या वाटांना सिनुस म्हटलेलं आहे. नाकाच्या पोकळ्यांना हे नाव रूढ व्हायच्या आधीची ही गोष्ट.

मग नाकाजवळच्या पोकळ्या कुणी शोधल्या?

गालातली पोकळी लिओनार्दो दा विंचीनं १४८९ च्या सुमारास कवटी चिरून रेखाटली होती, पण ती चित्रं त्याच्या वह्यांतच राहिली. लोकांपर्यंत ती पोचवली इंग्लंडच्या नथॅनिएल हायमोरनं, १६५१ मध्ये. म्हणून जुन्या पुस्तकांत तिला 'हायमोरची गुहा' असंच नाव आहे. त्यानं एका रुग्ण बाईची हकिगत लिहिली आहे. वरचा दात काढल्यावर त्या भोकातून सारखा स्राव येत राहिला. तिनं चांदीची बारीक सळई घालून पाहिली तर ती वर, डोळ्याच्या रोखानं, बरीच आत गेली. मग पिसाची काडी घातली, ती आणखीनच आत गेली. बाईची खात्री झाली की आपल्या मेंदूलाच भोक पडलंय! हायमोरनं तिला समजावलं की इथं सगळ्यांनाच पोकळी असते.

गोष्ट जुनी, पण दाढेचं मूळ आणि गालातला सायनस यांच्यात किती पातळ भिंत आहे ते तिच्यातून कळतं. वरची दाढ किडली की गालातला सायनस सुजू शकतो. २०२१ मध्ये करोनानंतर मधुमेहींना म्युकरमायकोसिस झाला तेव्हा बुरशी याच पोकळ्यांमधून डोळ्याकडे सरकत होती.

या पोकळीची एक रचना मला कायम गमतीची वाटते. तिचं दार तळाशी नाही, आतल्या भिंतीत वरच्या बाजूला आहे. उभा माणूस म्हणजे वरच्या कडेला तोटी बसवलेली टाकी. अस्तरावरचे सूक्ष्म केस चिकट स्राव वर ढकलत राहतात म्हणून एरवी काम भागतं. सर्दीत दाराभोवती सूज आली की सगळं आत तुंबतं.

नंदुरबारला मिरची पथारीवर (मिरची वाळवतात त्या मैदानावर) काम करते. सायनस त्यामुळेच होतो का?

मिरचीचा खकाणा, जिनिंगमधलं कापसाचं तूस, धूळ यांनी नाकाचं अस्तर चिडतं आणि सुजतं. सूज दारापाशी आली की तुंबायला निमित्त मिळतं. तोंडाला ओला रुमाल बांधण्यापेक्षा नाकावर नीट बसणारा मास्क बरा. बहुतेक तीव्र सायनसायटिस विषाणूंमुळे होतो आणि दहा दिवसांत आपसूक उतरतो, त्यामुळे मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नये. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं किंवा खूप ताप असेल तर मात्र थांबू नये.

माकडहाडाजवळ 'पायलोनायडल सायनस' निघाला. हा कुठला नवीन?

इथं शब्दाचा चौथा अर्थ येतो, शल्यचिकित्सेतला. त्वचेवर एक तोंड आणि आत बंद बोळ, अशा पू वाहणाऱ्या वाटेला सर्जन सायनस म्हणतात. हा जन्मजात अवयव नाही, बिघाड आहे. 'पायलोनायडल' म्हणजे केसांचं घरटं : पिलुस म्हणजे केस, निदुस म्हणजे घरटं. केस कातडीत रुततात आणि तिथं बोळ तयार होतो. दुसऱ्या महायुद्धात हजारो अमेरिकन सैनिकांना हा त्रास झाला. तासन्‌तास दणके देत चालणाऱ्या गाडीत बसून होतो असं धरून त्याला 'जीपचा आजार' हे नाव पडलं. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि काळी-पिवळी चालवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वाट दोन्हीकडे उघडी असेल तर तिला फिस्टुला म्हणतात. लॅटिनमध्ये फिस्टुला म्हणजे नळी, बासरीसुद्धा.

आयुर्वेदात याला शब्द आहे का?

सर्जनच्या सायनसला आहे, आणि उत्तम आहे : नाडीव्रण. नाडी म्हणजे नळी. सुश्रुतसंहितेत त्याची वेगळी चिकित्सा आहे आणि क्षारसूत्राचा, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याचा, उल्लेखही तिथंच येतो. नाकाच्या पोकळीला मात्र तसा थेट प्रतिशब्द नाही. दुष्ट प्रतिश्याय, म्हणजे बिघडलेली सर्दी, हे त्या लक्षणांचं वर्णन आहे, पोकळीचं नाव नव्हे. उत्तरपत्रिकेत 'सायनस म्हणजे प्रतिश्याय' असं लिहिणाऱ्यांचे गुण मी कापतो.

माझ्या मुलीच्या कानासमोर जन्मापासून टाचणीएवढं भोक आहे. तेही सायनस?

हो, प्रीऑरिक्युलर सायनस. गर्भात कानाची पाळी लहान लहान उंचवट्यांपासून जुळून बनते. ते जुळताना एखादी फट राहून जाते. पू किंवा सूज नसेल तर त्याचं काही करावं लागत नाही. काडी घालून साफ करू नये.

गणितातला 'साइन' आणि हा सायनस एकच का?

एकच. आणि इथं गोष्ट भारतात शिरते.

वर्तुळाचा एक तुकडा घ्या आणि त्याची दोन टोकं सरळ रेषेनं जोडा. तुकडा धनुष्यासारखा दिसतो, रेषा त्याच्या दोरीसारखी. म्हणून संस्कृतात तुकडा म्हणजे चाप आणि रेषा म्हणजे ज्या किंवा जीवा. शाळेच्या भूमितीत वर्तुळाची 'जीवा' अजून आहेच. ग्रीक लोक अख्ख्या जीवेचं गणित करत. आपल्या ज्योतिर्गणितात अर्ध्या जीवेचं सुरू झालं, आणि आकाशातले कोन मोजायला ते जास्त सोयीचं ठरलं. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये अशा चोवीस ज्यांची सारणी दिली. अर्धज्या म्हणता म्हणता 'अर्ध' गळालं आणि नुसती ज्या उरली.

आठव्या शतकात बगदादमध्ये भारतीय सिद्धांतग्रंथ, म्हणजे ज्योतिर्गणिताचे ग्रंथ, अरबीत गेले. 'जीवा' हा शब्द त्यांनी भाषांतर न करता उचलला आणि लिहिला 'जीब'. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात. जीम, ये, बे ही तीन अक्षरं 'जीब' अशी वाचता येतात तशी 'जैब' अशीही वाचता येतात. 'जीब'ला अरबीत काही अर्थ नव्हता. 'जैब' हा रोजचा शब्द : अंगरख्याचा छातीवरचा उघडा भाग, घडी, खिसा. हिंदीतली 'जेब' तीच. (आपला 'खिसा'ही तिकडूनच आला, 'कीसा' म्हणजे थैली यावरून.)

बाराव्या शतकात स्पेनमध्ये हे ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये जाऊ लागले. भाषांतरकारासमोर 'जैब' आला. वस्त्राची छातीवरची घडी? लॅटिनमध्ये तर त्याला सिनुस म्हणतात! झालं. धनुष्याच्या दोरीचा टोग्याचा झोळ झाला, पुढं त्याचा इंग्रजीत साइन झाला. १६२० मध्ये एडमंड गंटरनं कोटिकोनाच्या साइनला 'को-सिनुस' म्हटलं, त्याचा कोसाइन झाला. आपल्याकडे त्याला कोटिज्या हे नाव आधीपासून होतं.

म्हणजे भाषांतरकारानं घोडचूक केली?

ही गोष्ट 'मूर्ख अनुवादक' म्हणून सांगायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. श्रेय सहसा क्रेमोनाच्या जेरार्डला दिलं जातं. टोलेडोत बसून त्यानं सत्तरच्या वर ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. चेस्टरच्या रॉबर्टचंही नाव घेतलं जातं. जो कोणी असेल त्यानं समोरच्या शब्दाचा समोर दिसणारा अर्थ दिला. संस्कृत मूळ त्याच्या हातात नव्हतंच. शिवाय परिभाषेतला शब्द चुकीच्या दारानं आला तरी व्याख्या बरोबर असली की गणित चुकत नाही, आणि कोष्टकातले आकडे तर बरोबरच होते.

गंमत पुढं आहे. आजच्या अरबीत नाकाच्या सायनसना म्हणतात 'अल्-जुयूब अल्-अन्फिया', म्हणजे नाकाचे जैब. अक्कलकुव्याच्या युनानी महाविद्यालयातल्या मुलांना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

साइन हा शब्द पाटणादेवीच्या भास्कराचार्यांनी दिला असं ऐकलंय. खरं का?

नाही. आपल्या भागाचा अभिमान ठेवावा, पण हिशेब सरळ असावा. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा, आणि त्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा. भारतीय ज्या बगदादला पोचली ती त्याच्या साडेतीनशे वर्षांहून अधिक आधी. क्रेमोनाचा जेरार्डही १११४ च्याच आसपास जन्मला, म्हणजे दोघं समवयस्क. एकमेकांचं नाव ऐकण्याची शक्यता शून्य. शिवाय भास्कराचार्यांचं विज्जडविड हे गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पाटण हा त्यातला एक दावा.

पण खानदेशाचं जे आहे ते छापील पुराव्यासारखं पक्कं आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटणला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, असं त्यात कोरलं आहे. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे : 'इयां पाटणीं जें केणें उघटे', म्हणजे या पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं. बाजारपेठेतल्या वसुलीवर चालणारी गणिताची शाळा!

सिद्धान्तशिरोमणीत ज्योत्पत्ती नावाचं एक प्रकरणच ज्या काढण्याच्या रीतींवर आहे. जेरार्ड टोलेडोत ११८७ मध्ये वारला. त्यानंतर वीसेक वर्षांनी पाटणच्या गौताळ्याच्या डोंगरात मुलं तीच ज्या तिच्या मूळ नावानं शिकत होती. साइन शब्द दिल्याच्या खोट्या श्रेयापेक्षा मला ही खरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

साइनबोर्ड, सिग्नेचर हे शब्दही याच कुळातले का?

नाहीत. ते 'सिग्नुम' म्हणजे खूण या शब्दापासून. उच्चार जुळतो, नातं नाही. 'इनसिन्युएट' मात्र सिनुसचाच, घडीतून हळूच आत सरकणं. आडून टोमणा मारणाऱ्याला हा शब्द चपखल बसतो.

अनेकवचन 'सायनाय' होतं का? फंगसचं फंजाय होतं तसं?

होत नाही. 'उस'नं संपणारे सगळे लॅटिन शब्द एका गटातले नसतात. सिनुस चौथ्या गटातला आहे, त्याचं अनेकवचन लिहायला तेच राहतं, फक्त शेवटचा उकार दीर्घ होतो. इंग्रजीत सरळ 'सायनसेस' म्हणावं. एक परीक्षक 'सायनाय' म्हणणाऱ्या मुलांवर खूश होत असत असं ऐकलं आहे. त्यांचं लॅटिन कोण तपासणार?

मराठीत काय म्हणावं?

नाकाच्या पोकळीला 'नासाकोटर' हा शब्द लिहिण्यात आहे. कोटर म्हणजे झाडाची ढोली, शब्द सुंदर आहे. पण तो फक्त नाकापुरता चालतो. मेंदूच्या रक्तवाटेला किंवा एसए नोडला कोटर म्हणून चालणार नाही. रुग्णाशी बोलताना मी 'नाकाजवळची पोकळी', 'मेंदूतली रक्ताची वाट', 'ठोक्याची गाठ' असं जागेनुसार बोलतो आणि रिपोर्टसाठी सायनस शब्द तसाच ठेवतो. नासाकोटरशोथ असं कुणाला तोंडावर सांगितलं तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल.

रिपोर्टमध्ये सायनस शब्द आला तर नेमकं काय बघायचं?

त्याच्या आधीचा आणि नंतरचा शब्द. मॅक्झिलरी, फ्रंटल, एथमॉइड, स्फिनॉइड असेल तर नाक-कान-घसा. ऱ्हिदम, टॅकीकार्डिया, कोरोनरी असेल तर हृदय. सॅजिटल, ट्रान्सव्हर्स, सिग्मॉइड, कॅव्हर्नस असेल तर मेंदू, आणि त्यात थ्रॉम्बोसिस असेल तर त्याच दिवशी दवाखाना. ट्रान्सव्हर्स हा शब्द हृदयाच्या पिशवीतल्या सायनसलाही लागतो, तेव्हा तपासणी कशाची होती तेही वरच्या ओळीत बघा.